घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर गुड फ्रायडे आणि ईस्टर यांच्यामधला शनिवार कसा पाळावा?

तुम्ही लिहिलंय की वडील फेब्रुवारीत गेले आणि आता नातेवाईक म्हणतात, "ईस्टर आला, रडणं पुरे." माझं उत्तर कॅथलिक उपासनेला धरून आहे.

रडणं पुरे, असं चर्च कुठेच म्हणत नाही. उलट पवित्र शनिवार, म्हणजे हाच मधला शनिवार, हा अख्खा दिवस चर्चने शोकासाठी मोकळा ठेवलाय. तो साफसफाईत आणि मटणाच्या रांगेत घालवतो ते आपण. त्या दिवशी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, नसतो. वेदीवर कापड नसतं, टॅबरनॅकल (पवित्र भाकर ठेवायची पेटी) रिकामं असतं. कम्युनियन, म्हणजे ती पवित्र भाकर, फक्त मरणासन्न माणसाला देतात. गुरुवारी संध्याकाळी ग्लोरिया या स्तुतिगीताला वाजलेल्या घंटा शनिवारी रात्रीच्या ग्लोरियापर्यंत वाजत नाहीत.

लूकच्या शुभवर्तमानात (23:56) येशूला कबरीत ठेवल्यावर स्त्रिया घरी जातात, सुगंधी द्रव्यं तयार करतात आणि शब्बाथ म्हणून थांबतात. त्या पुनरुत्थानाची वाट पाहत नव्हत्या, प्रेताला लावायची तयारी करत होत्या. त्यामुळे आज मनात आशा उमटत नसेल, तर श्रद्धा कमी पडली असं कृपा करून समजू नका.

दिवसा फार काही करू नका. झेपत असेल तर शुक्रवारचा उपवास पुढे चालू ठेवा. शनिवारी तो सक्तीचा नाही. कबरीवर जाऊन या. बायबलमधलं 88वं स्तोत्र मोठ्याने वाचा. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. म्हणूनच ते या दिवसाला शोभतं.

शनिवारी रात्रीच्या ईस्टर जागरणविधीला जाणार असाल तर सुरुवातीपासून जा. तो अंधार पडल्यावरच सुरू व्हायला हवा. पूर्वी तो शनिवारी सकाळी उरकला जायचा. 1951 मध्ये प्रायोगिक म्हणून आणि 1955 च्या सुधारणेने कायमचा तो रात्री आणला. एप्रिलमध्ये मुंबई-वसईकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सातचा विधी म्हणजे घाईच. विधीची सुरुवात अग्नी पेटवून होते आणि उजेडात पेटवलेल्या अग्नीला अर्थ उरत नाही. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवर क्रूस, वर आल्फा, खाली ओमेगा (ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर) आणि क्रुसाच्या चार कोनांत चालू वर्षाचे चार आकडे कोरतात. धुपाचे पाच खडे येशूच्या पाच जखमांसाठी. ती तीनदा उंचावतात: दाराशी, मध्यभागी, वेदीसमोर. लोकांच्या मेणबत्त्या दुसऱ्या वेळी पेटतात, चर्चचे दिवे तिसऱ्यानंतर. कुणी आधीच बटणं दाबली की सगळा विधी फिका पडतो.

मग जुन्या करारातली सात वाचनं. ती कमी करता येतात, पण निर्गम या पुस्तकाचा 14वा अध्याय, समुद्र दुभंगण्याचा भाग, गाळता येत नाही. आलेलुया हा आनंदाचा जयघोष यानंतर येतो. इथे गाता आलं नाही तर गप्प उभे राहा, बाकीचे गातातच.

हीच मेणबत्ती पुढे बाप्तिस्म्याला पेटवतात आणि अंत्यविधीला शवपेटीजवळ ठेवतात. वडिलांच्या वेळी ती होती का, आठवून पाहा. असेल तर या रात्री तिच्याकडे तुम्ही वेगळ्याच नजरेने पाहाल.

वडिलांसाठी स्मरणाचा मिस्सा हवा असेल तर तारीख पवित्र आठवड्यात किंवा ईस्टरच्या आठवड्यात मागू नका, त्या दिवसांत तशी मुभा नसते. धर्मगुरूंशी बोलून त्यानंतरची ठरवा.