खान्देशात तलावाच्या काठाने, द्राक्षबागांमधून, गाड्यांची वर्दळ नसलेल्या कच्च्या वाटेवर सायकल चालवता येईल का?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य नसतं, तर मी लिहायला बसलो नसतो. न्यूझीलंडमधल्या लेक डनस्टनकाठच्या सायकलवाटेचा व्हिडिओ तुम्ही पाहिलात, ग्रॅव्हल बाईक, म्हणजे कच्च्या वाटांसाठीची जाड टायरची सायकल, घ्यावीशी वाटली, इथवर ठीक. पण ‘आपल्या खान्देशात असं काही आहे का, की नुसतं ऊन आणि केळीच?’ हे वाक्य मी बारा वर्षं माझ्या साडूच्या तोंडून ऐकतोय.

आधी डनस्टनचंच बोलू. तो तलाव काही निसर्गाने दिलेला नाही. क्लुथा नदीवर क्लाइड धरण बांधून 1992-93 मध्ये पाणी अडवलं, तेव्हा तो झाला. सायकलवाट तर 2021 ची. म्हणजे धरणाचं पाणी आणि त्याच्या कडेने मुरमाची वाट, एवढंच. मग आपल्याकडे काय कमी आहे? धुळ्याला खेटून नकाणे आणि डेडरगाव तलाव, वर साक्री तालुक्यात अक्कलपाडा, मालनगाव. जळगावकडे वाघूर, हतनूर. शिरपूरकडे अनेर. शिवाय आपल्याकडे पाट आहेत. पाटाच्या भरावावरची वाट ही सायकलवाल्याला फुकटात मिळालेली चैन आहे. पाणी आपोआप, पण संथ वाहायला हवं म्हणून पाटाला हजार मीटरला मीटरभरही उतार नसतो, त्यामुळे चढ लागतच नाही. गाड्याही नसतात, कारण ती वाट कुठल्या गावाला जातच नाही, वावरात जाते. बैलगाडी, ट्रॅक्टर, शेळ्या, संपलं.

धुळ्यातून वाहणाऱ्या पांझरा नदीचे पाट तर फार जुने. फड पद्धत इथलीच: नदीवर बंधारा, त्यावरून पाट, आणि गावाच्या जमिनीचे फड पाडून एका फडात एकच पीक, पाणी सगळ्यांना ठरल्याप्रमाणे. विश्वेश्वरय्या 1884 मध्ये सरकारी नोकरीत आले, तेव्हा त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांत याच पांझरेवरचा पाटाचा सायफन, म्हणजे पाणी अडथळ्याखालून पलीकडे नेणारी नळी, होता. हे मी साडूला सांगितलं होतं. तो म्हणाला, ‘त्यानंतर डांबर नाही पडलं का?’

आता एका दिवाळीची गोष्ट. सासुरवाडी नेरकडची. साडू पुण्याचा, कार्बनची रेसिंग सायकल गाडीच्या टपावर बांधून आलेला. टायर पंचवीस मिलिमीटर, हवा दगडासारखी. मी म्हटलं, पाटाने जायचंय, हे टायर चालणार नाहीत. तो म्हणाला, बारीक टायर, जास्त हवा, कमी घर्षण, हे साधं शास्त्र आहे. माझी ग्रॅव्हल बाईक चाळीस मिलिमीटरची. तिला त्याने ‘ट्रॅक्टर’ म्हटलं.

पहिले सहा किलोमीटर तो पुढे होता, हे कबूल. सकाळचं ऊन कोवळं, एका बाजूला पाणी, दुसरीकडे कापूस फुटलेला. वेचणीच्या बायांपैकी एकीने विचारलं, ‘सायकल कितलानी शे, भाऊ?’ साडूने खरी किंमत सांगितली. ती म्हणाली, ‘इतलामा तं बैलजोडी येस.’ पुढची दोन वावरं तिचं हसू ऐकू येत होतं.

मग सराटे लागले. पुण्याच्या माणसाला सराटा माहीत नसतो. जमिनीलगत पसरलेली निरुपद्रवी वाटणारी वेल, पिवळं फूल, आणि फळाला असे काटे की कसंही पडलं तरी एक काटा वर. साडूचं मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, जवळच्या एकुलत्या गॅसच्या नळकांड्याने हवा भरली. अर्ध्या किलोमीटरवर पुढचं. दुसरी ट्यूब नव्हती, आणि ठिगळाच्या डबीतलं सोल्युशन कधीच सुकून गेलेलं. तरी मी काट्यावरून बोटाने दाबून धरलं आणि म्हटलं, एवढी हवा भर, तेवढ्यात गाव येईल. पण त्याचा स्वतःचा पंप घरी, आणि माझा पंप मोटारसायकलसारख्या जाड वॉल्व्हचा. त्याचा तो बारीक फ्रेंच वॉल्व्ह. गावातल्या पंक्चरवाल्याकडेही बसणार नाही, कारण तिथे आपल्या काळ्या सायकलचा तिसराच वॉल्व्ह चालतो. तीन प्रकारचे वॉल्व्ह आणि हवा एकात नाही.

शेवटी सासऱ्यांना फोन केला. आबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले पाटकरी. अठ्ठावीस वर्षं त्यांनी याच भरावावरून चाऱ्या, म्हणजे पाटाचे फाटे, उघडल्या, बंद केल्या, पाण्याच्या पाळीवरून झालेली भांडणं सोडवली, सगळं त्याच काळ्या सायकलवर. ते आले, माझ्या हातातून साडूची सायकल एका हाताने उचलून पाहिली, काही बोलले नाहीत. मग कॅरिअरवर हात ठेवून म्हणाले, ‘बठा मांगे, जवाईबापू. सायकल खांदावर ल्या.’

तर पुण्याचा जावई सासऱ्याच्या डबलसीटवर, खांद्यावर दोन लाखांची सायकल, आणि वेचणीच्या बाया परत त्याच वाटेवर. मी मागे. मी हसलो नाही, असं बायकोला सांगितलंय.

घरी पोहोचल्यावर मी आबांच्या सायकलचा टायर वाचला. अठ्ठावीस बाय दीड. मोजून बघा, रुंदी जवळजवळ चाळीस मिलिमीटर भरते. जे टायर आता ‘ग्रॅव्हल’ म्हणून विकतात, ते खान्देशातल्या प्रत्येक दूधवाल्याच्या आणि पाटकऱ्याच्या सायकलला आधीपासून होते. साडू अजूनही सांगतो की ‘वाट खराब होती’. वाट खराब नव्हती. त्याच वाटेने आबांनी त्याला कॅरिअरवर आणलं. त्याची फुटलेली ट्यूब अजून आबांकडे आहे, गवताचा भारा बांधायला वापरतात.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. द्राक्षं म्हणाल, तर खान्देशची ओळख केळी आणि कापूस हीच. द्राक्षबागांसाठी सटाण्याकडे, बागलाणात जा. ते नाशिक जिल्ह्यात आहे म्हणून नाक मुरडू नका. 1869 मध्ये नाशिक जिल्हा झाला, त्याआधी बागलाण खान्देशातच होतं, आणि बोली अजून आपली अहिराणीच आहे. तिथली अगाप, म्हणजे लवकर येणारी, द्राक्षं डिसेंबर-जानेवारीतच तोडणीला येतात. पण व्हिडिओतल्यासारख्या कमरेएवढ्या रांगा दिसणार नाहीत. आपल्याकडे वेल उंच मांडवावर किंवा तारांवर चढवलेला असतो, खाली सावली, डोक्यावर घड. आणि बागेत सायकल घालायची नाही, बांधाबाहेरून बघायचं. फवारणी सुरू असेल तर तेही नको.

सायकल म्हणाल, तर महागडी घेण्याची गरज नाही. जुनी माउंटन बाईकही चालेल. टायर अडतीस-चाळीसच्या खाली नको, हवा बेताची, शक्य असेल तर ट्यूबलेस. त्यातलं पंक्चर बुजवणारं द्रव्य आपल्या उन्हात लवकर सुकतं, दोन महिन्यांनी बघत जा. वॉल्व्हचा अडॅप्टर खिशात ठेवाच.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या. मे महिन्यात जळगावकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा हौस करू नका. पावसाळ्यात तर नाहीच. काळी माती चाकाला अशी लिंपते की चाक फिरणं बंद. माझ्या ‘ट्रॅक्टर’चीही एकदा तीच गत झाली होती, दोन किलोमीटर उचलून आणली. हे साडूला माहीत नाही.

आणखी एक. पाटाची वाट सलग नाही. मध्ये पाणी उपसायच्या मोटारींचे पाइप आडवे येतात, कुठे भराव खचलेला असतो, कुठे काटेरी फांद्या टाकून वाट बंद केलेली. रब्बीचं आवर्तन सुटलं, म्हणजे पिकासाठी पाटाला पाणी सोडलं, की कड ओली आणि घसरडी होते, पाण्याला ओढ असते, तिथे उतरून चाला. वस्तीवरची कुत्री सायकलमागे लागतात. अंधाराआधी परत फिरा. आणि वाटेत पाटकरी भेटला तर आधी रामराम घाला, पुढे वाट आहे की नाही हे तुमच्या मोबाईलच्या नकाशापेक्षा त्याला नीट माहीत असतं.