गाडीत पेट्रोलचा वास येतो पण लीक सापडत नाही, अशीच चालवली तर चालेल का?

आधी एक सांगतो, हे सापडेपर्यंत गाडी काढू नका. तुम्ही लिहिलंय की गाडी ११ वर्षांची आहे, सकाळी चालू केली की पहिली दहा मिनिटं आत पेट्रोलचा वास येतो आणि मग जातो, रत्नागिरीत दोन गॅरेजवाल्यांनी खालून बघून लीक नाही म्हणून सांगितलं, आणि गणपतीला घरच्यांना घेऊन जयगडच्या फेरीबोटीने गुहागरला जायचंय. थेंब दिसला नाही म्हणजे लीक नाही असं पेट्रोलचं नसतं हो. तापलेल्या इंजिनवर झिरपलेलं पेट्रोल जमिनीवर पोचायच्या आधीच उडून जातं, मग खाली डाग कुठून दिसणार. आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, वर निघून जात नाही, खालीच साठून राहते, बंद शेडमध्ये, सीटखाली, आणि फेरीबोटीत गाड्या एकमेकींना चिकटून लावतात तिथेही.

मी देवगड तालुक्यातला, माझ्याकडे हेच झालं होतं म्हणून एवढं लिहितोय. आमच्या गाडीत वास फक्त टाकी फुल केल्यावर यायचा आणि कोल्हापूरला जाताना गगनबावड्याचा घाट चढायला लागलो की जास्त यायचा, मागे बसलेल्या बायकोचं आणि मुलाचं डोकं दुखायचं, आम्ही आधी समजत होतो की घाट लागतोय. एका गॅरेजमध्ये टाकीचं झाकण बदललं, दुसरीकडे इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या नोझल, साफ करून दिले, पैसे गेले आणि वास तसाच. मग कुडाळला एका वयस्कर मेकॅनिककडे नेली, त्याने बॉनेट उघडलंच नाही. म्हणाला, "वास केव्हा येता ता आधी सांगा, खयसून येता ता मी बघतंय." मी सगळं सांगितल्यावर त्याने सरळ मागची सीट उचलली. खाली टाकीच्या वर फ्युएल पंपाचं झाकण असतं, त्याचं रबर फुगून बाजूला सरकलेलं होतं. आधी कधीतरी पंप बदलताना कोणीतरी जुनंच रबर परत बसवलं होतं. टाकी भरलेली असली आणि गाडी चढाला लागली की पेट्रोल मागे सरकून त्या झाकणापर्यंत यायचं आणि वाफ थेट मागच्या सीटखाली. रबर दोनेकशे रुपयांचं होतं.

तेव्हापासून मी कोणालाही पहिलं हेच विचारतो की वास कधी येतो. तुमचा सकाळचा आणि दहा मिनिटांचा आहे, म्हणजे टाकीपेक्षा बॉनेटखालची शंका जास्त. इंजेक्टर जिथे बसतात तिथे छोट्या रबरी रिंगा असतात, ओ-रिंग म्हणतात त्या, दहा-अकरा वर्षांत त्या कडक होतात, गार असताना नीट बसत नाहीत आणि इंजिन तापलं की फुगून बसतात. म्हणून वास येतो आणि जातो. तसंच इंजिनकडे येणाऱ्या रबरी पाइपला जोडापाशी बारीक तडा असेल तरी असंच होतं. काचेच्या खालच्या जाळीतून बाहेरची हवा आत येते, वास तिथूनच येतो. घरच्या घरी एक करून बघा, शेडच्या बाहेर उघड्यावर. सकाळी चालू केल्यावर पंखा बाहेरच्या हवेवर ठेवा, वास आला की आतल्या हवेवर करा. वास लगेच कमी झाला तर तो पुढून येतोय हे जवळजवळ नक्की.

दुसरी चाचणी मेकॅनिकसमोर करा. इंजिन चालू न करता चावी ऑनला न्यायची, पंप दोन-तीन सेकंद घुर्र करून थांबतो, परत ऑफ, परत ऑन, असं चार वेळा. लाइनमध्ये प्रेशर येतं पण इंजिन गार असतं त्यामुळे झिरपलेलं पेट्रोल उडत नाही, दिसतं. टॉर्च मारून प्रत्येक जोडापाशी कोरडा टिश्यू लावून बघायचा. टॉर्चच वापरा, वायरला लटकवलेला पिवळा बल्ब नको, तो फुटला तर ठिणगी पडते. धूळ बसलेल्या जागी मध्येच एखादा धुतल्यासारखा स्वच्छ पट्टा किंवा तपकिरी डाग दिसला तर तिथेच थांबा. आणि हे चालू असताना डॅशबोर्डवरच्या देवाला अगरबत्ती लावू नका, खरंच सांगतोय, आपल्याकडे ती सवय हाताला असते.

ऑइलची डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइल मोजायची पट्टी, काढून वास घ्या. तिला पेट्रोलचा वास असेल तर एखादा इंजेक्टर आत गळतोय, मग ऑइलसुद्धा बदलावं लागेल. पेट्रोल भरून निघाल्यावरच वास येत असता तर मी झाकण, भरायची नळी आणि कॅनिस्टर बघायला सांगितलं असतं. कॅनिस्टर म्हणजे कोळशाचा डबा, टाकीतली वाफ शोषून घेतो. पंपावर नोझल कट झाल्यावरही आपण राऊंड फिगर करायला लावतो ना, ते जादाचं पेट्रोल त्या डब्यात जाऊन त्याची वाट लागते. पहिल्या कटला थांबायचं. गाडीला सीएनजी असेल तर त्याचा वास सडक्या कांद्यासारखा वेगळा असतो, तो आला तर बाटल्याचा व्हॉल्व्ह बंद करून थेट सीएनजीवाल्याकडेच.

आपल्या भागात अजून दोन-तीन गोष्टी असतात. पावसात उंदीर उबेला बॉनेटखाली येतात आणि पाइप कुरतडतात, आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीत तर सुकलेल्या गवताचं घरटंच होतं आणि त्याच्या बाजूलाच कुरतडलेली पेट्रोलची लाइन, आग कशी लागली नाही देव जाणे. गाडी वाळूत किनाऱ्यावर नेत असाल तर खालच्या लोखंडी लाइन आणि त्यांच्या क्लिपा खाऱ्या पाण्याने गंजतात, क्लिपच्या खाली गंज लपलेला असतो. आणि पेट्रोल आता बहुतेक ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. २०२३ च्या एप्रिलपासूनच्या नव्या गाड्यांत त्याला चालेल असं रबर आहे, तुमची त्याच्या कितीतरी आधीची, त्यामुळे मी तर एक पाइप फुटला तरी सगळेच रबरी तुकडे बदलून घ्या म्हणेन.

पाइप घेताना इंजेक्शनच्या गाडीचा घ्या, त्यावर आर९ असं छापलेलं असतं, आर७ लिहिलेला कमी प्रेशरचा, तो नको. पाण्याचा पाइप तर अजिबात नको. एम-सील किंवा साबण लावून देतो म्हणाला तर गाडी परत आणा. लाइन उघडायच्या आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायला सांगा, नाहीतर आतलं प्रेशर तोंडावर फवारा मारतं.

काम झालं की चावीची ती चार वेळा ऑन-ऑफवाली चाचणी परत करा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू करायच्या आधी बॉनेट उघडून नाक लावा. असं तीन सकाळी ओळीने करा. गणपतीला अजून वेळ आहे तोवर होईल, नाही झालं तर यंदा एसटीने जा. पंख्याच्या चाचणीत काय झालं ते इथे लिहा, आणि वास येतो तेव्हा टाकीत किती पेट्रोल असतं तेही, मग पुढचं सांगतो.