एकाच पायाची नखे

प्रश्न : ताई, अपघातात मागच्या उजव्या मांडीचे हाड मोडलेली आठ महिन्यांची चिंगी ही कुत्री माझ्याकडे फोस्टर म्हणून, म्हणजे कायमचे घर मिळेपर्यंत सांभाळायला आहे. प्लेट बसवून नऊ आठवडे झाले. एक कुटुंब तिला दत्तक घ्यायला उत्सुक आहे, पण दोघेही नोकरी करणारे. माझ्यासारखे कोण जपणार? मी तर तिला जेवायलासुद्धा उचलून नेते. सहाव्या आठवड्यातला एक्स-रे तेवढा राहिला, कारण गाडीत तिला उलट्या होतात. परवा त्या पायाची नखे फार वाढलेली दिसली, तीही ती झोपेत असताना अलगद कापली. एवढे करूनही यजमान म्हणतात, ‘तूच तिला बरी होऊ देत नाहीस.’ त्यांना कसे समजवावे?

उत्तर : तुमच्या मूळ पत्राचा बहुतेक भाग यजमानांच्या त्या एका वाक्याने व्यापला आहे आणि नखांच्या वाट्याला जेमतेम एक ओळ आली आहे. मी मात्र त्या ओळीपाशीच अडले. वाढली ती फक्त ‘त्या पायाची’ नखे. उरलेल्या तीन पायांची का वाढली नाहीत, असा प्रश्न तुम्हाला पडला नाही का? चालत्याफिरत्या कुत्र्याची नखे जमिनीवर घासून झिजत राहतात, आणि एकाच पायाची तेवढी वाढतात तेव्हा तो पाय जमिनीला जवळजवळ टेकतच नसतो. म्हणजे नऊ आठवड्यांनंतरही चिंगी तीन पायांवरच जगते आहे, आणि याचा घरबसल्या मिळालेला पुरावा तुम्ही नेलकटरने कापून टाकलात. हे कठोर वाटेल, वाटू द्या.

सुरुवातीचे आठवडे तिला जपणे रास्तच होते, कारण हाड जुळेपर्यंत उड्या, जिने आणि धावपळ बंद ठेवावीच लागते. पण त्या बंदीतही पट्टा बांधून, लागल्यास पोटाखाली टॉवेलचा आधार देऊन, शी-शूपुरते चार पावले चालवायचे असते. पावले सावकाश हवीत. घाई केली की कुत्रे दुखरा पाय वर धरून उरलेल्या तीन पायांवर उड्या मारत निघते, आणि संथ चालताना मात्र तोच पाय हळूहळू टेकू लागतो. तुम्ही तिला उचलूनच नेत असाल, तर पाय टेकण्याची वेळ तिच्यावर येणार तरी कधी?

वाढत्या वयाच्या कुत्र्याच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचे आहे. मांडीचे हाड मोडल्यावर पाय वापरात आला नाही, तर मांडीचा पुढचा स्नायू आखडतो, मोडलेल्या जागी भरून आलेल्या हाडाला चिकटतो आणि गुडघा सरळ अवस्थेतच ताठून बसतो. एकदा तो तसा घट्ट झाला की पुन्हा वाकता करणे अतिशय अवघड असते, आणि काही वेळा पाय काढून टाकण्यापर्यंत पाळी येते. चिंगीचे तसे झाले आहे असे मी म्हणत नाही. तिला दुखत असेल, एखादा स्क्रू ढिला झाला असेल, आत जंतुसंसर्ग असेल किंवा पाय वापरायची सवयच सुटली असेल. यातले काय खरे, हे तिच्याकडे प्रेमाने पाहून कळणार नाही. ती कण्हत नाही म्हणून दुखत नाही, असेही समजू नका. ती उभी असताना मागे बसून दोन्ही मांड्या एकाच वेळी दोन तळहातांत धरून पाहा. उजवी मांडी बारीक झालेली हाताला लागली, तर तो स्नायू गेले कित्येक दिवस बिनकामाचा आहे. गुडघा मात्र स्वतः जोर लावून वाकवू नका.

यजमानांना काहीही समजवायला जाऊ नका, कारण त्यांचे म्हणणे खरे आहे. फार तर सांगण्याची रीत चुकली. एक्स-रे गाडीमुळे राहिला हे मला पटत नाही. तो चांगला निघाला तर चिंगीच्या जाण्याचा दिवस ठरेल, हे तुम्हाला पक्के ठाऊक आहे, आणि म्हणूनच तारीख पुढे जात राहिली. फोस्टर म्हणून हात पुढे केलात तेव्हाच हा निरोप ठरलेला होता. तो लांबवण्यासाठी त्या मुक्या जिवाचा पाय पणाला लावू नका. आणि नोकरी करणाऱ्यांकडे कुत्रे नीट राहत नाही हा शोध तुम्ही कुठून लावलात? डॉक्टरांनी आखून दिलेले थोडे थोडे चालणे आणि बस-उठ करवून घेणे, हे दिवसभर मांडीवर घेऊन बसण्यापेक्षा तिच्या कितीतरी जास्त उपयोगाचे आहे.

आजच डॉक्टरांना फोन करा आणि मिळेल ती पहिली वेळ घ्या. नखांची गोष्ट त्यांना सर्वांत आधी सांगा. त्या कुटुंबालाही तिथेच बोलवा, म्हणजे व्यायाम काय आणि किती करायचा हे ते थेट डॉक्टरांकडून शिकतील. गाडीत उलट्या होतात हे फोनवरच सांगून ठेवा, त्यावर औषध मिळते. आणि एक्स-रेसाठी गुंगी द्यावी लागणार असेल तर किती तास उपाशी ठेवायचे, तेही विचारून घ्या.