धर्म कोणता घ्यायचा? दाखला, शेत आणि संसार यांचा कायदेशीर हिशेब

प्रश्न: मूळ गाव जळगाव जिल्ह्यात, पारोळा तालुक्यात. वडील कामासाठी सुरतेत आले, आम्ही उधन्यात राहतो. जातीने हिंदू मातंग. हिंदू धर्म सोडायचा हे पक्कं आहे. कोणता धर्म घ्यायचा हे ठरत नाही. बौद्ध, शीख, ख्रिस्ती, मुस्लिम असे चारही विचार केले, जैन साधूंची प्रवचनंही ऐकतो. पत्नी धर्म बदलणार नाही. मुलगी अकरावीत, मुलगा नऊ वर्षांचा. गावी वडिलांच्या नावावर शेत आहे. कुठे गेलो तर काय राहील आणि काय जाईल?

उत्तर: श्रद्धा कशावर ठेवावी हे वकिलाने सांगू नये, आणि मी सांगणारही नाही. संविधानाच्या अनुच्छेद २५ ने ती निवड तुमच्या हाती दिली आहे. पण तुम्ही परिणाम विचारलेत, ते मात्र नेमके सांगता येतात.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. ‘हिंदू कोण’ याची कायद्यात एकच रेघ नाही, तुमच्या बाबतीत तीन रेघा आहेत. विवाह, वारसा, दत्तक आणि पालकत्वाच्या १९५५-५६ च्या कायद्यांत हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीखही येतात. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात सुरुवातीला मुख्यतः हिंदूच होते. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. जैनांचं नाव तिथे नाही. तिसरी रेघ गुजरातच्या धर्मस्वातंत्र्य कायद्याची, आणि तिथे प्रत्येक धर्म वेगळा मोजला जातो. लोक पहिल्या रेघेचं उत्तर तिसरीला लावतात, तिथेच फसतात.

तुमच्या घरात आत्ता सर्वांत नाजूक गोष्ट मुलीचा जातीचा दाखला आहे, म्हणून तिथून सुरू करतो. बौद्ध किंवा शीख झालात तर अनुसूचित जातीचा दर्जा टिकतो. मात्र ‘बौद्ध’ ही यादीतली जात नाही. त्यामुळे दाखल्यावर मूळ जात ‘मातंग’ आणि ‘अनुसूचित जातीतून बौद्ध धर्मात धर्मांतरित’ असा उल्लेख स्पष्ट हवा. नुसता ‘बौद्ध’ लिहिलेला दाखला केंद्राच्या भरतीत अडकतो. ख्रिस्ती किंवा मुस्लिम झालात तर तुमचा दर्जा जातो, आणि त्याबरोबर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं संरक्षणही. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना महाराष्ट्रात इतर मागासवर्गात धरलं आहे, पण तिथे उत्पन्नाची क्रीमी लेयरची अट लागते. या प्रश्नावर केंद्राने २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. त्यातून पुढेमागे काही निघेल या भरवशावर आज पाऊल टाकू नका. जैन झालात तर १९५० च्या आदेशाचे शब्द तुमच्या विरुद्ध जातात. ‘जैन म्हणजे हिंदूच’ हा विवाह कायद्यातला युक्तिवाद जात पडताळणी समितीपुढे चालेल असं धरू नका.

एक वाट बरेच जण सुचवतील: ‘प्रार्थनेला चर्चमध्ये जा, कागदावर हिंदूच राहा.’ ही वाट धरू नका. बाप्तिस्म्याची नोंद आणि चर्चमधली नियमित हजेरी हे पुरावेच असतात. अशाच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये म्हटलं की श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी धर्म सांगणं ही संविधानाशी प्रतारणा आहे. महाराष्ट्राच्या २००० च्या जात प्रमाणपत्र कायद्यात खोट्या दाखल्याने मिळालेले लाभ काढून घेतले जातात आणि सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलीने चार वर्षं शिकून पदवी गमावण्याची वेळ आली, तर तो घाव तिच्यावर बसेल, तुमच्यावर नाही.

म्हणून क्रम असा ठेवा की मुलीचा दाखला आणि जातवैधता (पडताळणी समितीचं प्रमाणपत्र) आधी, धर्मांतर नंतर. कुटुंब महाराष्ट्रातून आलेलं असल्याने दाखला मूळ गावाच्या उपविभागीय अधिकाऱ्याकडून निघेल. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा आणि गावच्या रहिवासाचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नक्कल आणि प्रतिज्ञापत्रावरची वंशावळ ही जुळवाजुळव आजच सुरू करा. जुन्या नोंदीत आडनाव किंवा जातीचं स्पेलिंग वेगळं असेल तर प्रकरण दक्षता पथकाकडे जातं आणि महिने मोडतात. हा दाखला गुजरातच्या राज्य कोट्यात चालत नाही. मातंग दोन्ही राज्यांच्या यादीत असले तरी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या १९९० च्या निकालाने स्थलांतरिताचा दर्जा मूळ राज्याशी बांधलेला आहे. केंद्राच्या जागांसाठी मात्र वडिलांच्या महाराष्ट्रातल्या दाखल्यावरून सुरतेतून स्थलांतरिताचं प्रमाणपत्र मिळतं.

आता संसार. बौद्ध, शीख किंवा जैन झालात तर तुमचा विवाह आहे त्याच कायद्याखाली राहतो आणि धर्मांतर हे घटस्फोटाचं कारण होत नाही. ख्रिस्ती किंवा मुस्लिम झालात तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ प्रमाणे पत्नीला त्या एकाच कारणावर घटस्फोट मागता येतो, आणि तो न मागता वेगळं राहून पोटगीही मागता येते. तुम्हाला मात्र त्यामुळे मोकळीक मिळत नाही. पहिला विवाह कायम असताना इस्लाम स्वीकारून केलेलं दुसरं लग्न निरर्थक आणि गुन्हा ठरतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सरला मुद्गल खटल्यात सांगितलं. आज तो गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ मध्ये आहे. शिवाय ख्रिस्ती किंवा मुस्लिम झालात तर तुम्ही मुलांचे नैसर्गिक पालक राहत नाही, ती जागा आईकडे जाते. कोणताही धर्म घेतलात तरी अर्जात मुलांची नावं घालू नका. त्यांचं त्यांना अठराव्या वर्षानंतर ठरवू द्या.

शेताबद्दलची तुमची भीती बरीचशी निराधार आहे. धर्म बदलल्याने बापाचा वारसा जात नाही. १८५० च्या कायद्यापासून हे संरक्षण आहे आणि गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मुस्लिम झालेल्या मुलीचा हिंदू वडिलांच्या मिळकतीतला हक्क मान्य केला. हिंदू वारसा कायद्याचं कलम २६ धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना अडवतं. तुमची दोन्ही मुलं आधीची आहेत. जमीन वडिलोपार्जित असेल आणि तुम्ही ख्रिस्ती किंवा मुस्लिम झालात, तर त्या दिवशी तुम्ही एकत्र कुटुंबातून विभक्त धरले जाता. हिस्सा तुटत नाही, तो त्या दिवसाच्या हिशेबाने ठरतो. सातबारा आणि फेरफार आधीच काढून ठेवा.

खरा धोका कोणी सांगत नाही, तो तुमच्या मागे राहणाऱ्यांच्या वारशात आहे. मुस्लिम म्हणून तुमचा मृत्यू झाला तर मुस्लिम कायद्याने हिंदू पत्नी आणि हिंदू मुलं तुमच्या मिळकतीचे वारस ठरत नाहीत, आणि मृत्युपत्राने साधारणपणे एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही. हा मार्ग धरलात तर हयातीतच ताब्यासह बक्षीस करून द्यावं लागेल. ख्रिस्ती झालात तर १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. त्यात वारसाचा धर्म आड येत नाही. मृत्युपत्र नसेल तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले मुलांना मिळतं.

आता परवानगी. गुजरात धर्मस्वातंत्र्य कायदा, २००३ च्या कलम ५ प्रमाणे पूर्वपरवानगीचा अर्ज विधी करणाऱ्याने, म्हणजे भन्ते, पाद्री, मौलवी किंवा ग्रंथी यांनी, जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा असतो. विधीनंतर ठरलेल्या मुदतीत कळवण्याची जबाबदारी तुमची. कसूर झाली तर एक वर्षापर्यंत कैद, एक हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. काही जिल्ह्यांची कार्यालयं ‘बौद्ध हिंदूंतच मोडतात, परवानगी नको’ असं उत्तर देत होती. एप्रिल २०२४ च्या गृह विभागाच्या परिपत्रकाने ते थांबवलं: या कायद्यापुरता बौद्ध धर्म वेगळा आहे आणि परवानगी लागते. तोंडी होकारावर विसंबू नका. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. अर्ज लटकला तर लेखी स्मरणपत्र, मग माहिती अधिकार, मग उच्च न्यायालय. सामूहिक सोहळ्यात दीक्षा घेणार असाल तर परवानगीच्या यादीत तुमचं नाव आहे का ते स्वतः वाचा. दीक्षेसाठी नागपूरला गेलात म्हणून गुजरातचा प्रश्न मिटला असं समजू नका. तसं करण्यापूर्वी दोन्ही राज्यांतला त्या दिवशीचा कायदा तपासून घ्या.

अनुसूचित जातीच्या माणसाचं धर्मांतर बळाने, आमिषाने किंवा फसवणुकीने झाल्याचा आरोप सिद्ध झाला तर गुजरातमध्ये शिक्षा वाढते. विधी करणाऱ्याच्या डोक्यावर ती टांगती तलवार असते. त्यासाठी तुमच्या हाताने लिहिलेलं निवेदन जोडा: किती काळ विचार केला, काय वाचलं, कोणाकडून पैसा, नोकरी किंवा लग्नाचं वचन घेतलेलं नाही. छापील नमुना वापरू नका. चौकशीत त्यातला शब्दही तुम्हाला समजावता आला नाही तर तोच संशयाचा मुद्दा होतो.

खरं तर धर्मांतराला ठरावीक विधी लागतोच असं नाही. प्रामाणिक हेतू आणि त्याला साजेसं वागणं पुरेसं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्येच म्हटलं आहे. पण दाखल्याच्या खिडकीवर हेतू दिसत नाही, कागद दिसतो. विधी करणाऱ्या संस्थेच्या प्रमाणपत्रात पूर्ण नाव, आधीचा धर्म आणि जात, विधीची तारीख, ठिकाण आणि विधी करणाऱ्याची सही हवी. त्यानंतर नोटरीपुढे प्रतिज्ञापत्र, एक गुजराती आणि एक मराठी वृत्तपत्रात जाहिरात, मग राजपत्रात नोंद. नाव बदलणं बंधनकारक नाही. आधार, पॅन आणि पासपोर्टवर धर्म नसतो, तिथे काही करायचं नाही. तुमचा शाळा सोडल्याचा जुना दाखला दुरुस्त करायला जाऊ नका, तो तुमच्या जातीचा पुरावा आहे.

आणि हिंदू धर्मात परत यायची वेळ आली तर? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निकालाप्रमाणे मूळ जातीचा पुरावा, परत आल्याचा पुरावा आणि त्या समाजाने स्वीकारल्याचा पुरावा, असे तिन्ही लागतात. तिसरा पुरावा भाऊबंदांवर अवलंबून असतो आणि तोच मिळवणं सर्वांत कठीण.