दिवे राहू द्या, व्हीआरएम दाखवा!

या वेळचे सगळे प्रश्न मदरबोर्डाचे आहेत. ठाणे आणि नवी मुंबईतूनच इतके आले की बाकीची पत्रं पुढच्या खेपेला घेतो.

प्रश्न : कोपरखैरण्याला राहतो. मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्याला कोडिंग, थोडं व्हिडिओ एडिटिंग आणि (तो कबूल करत नाही, पण) गेमिंग करायचंय. वाशीच्या एका दुकानाने कोटेशन दिलं : कोअर आय७-१४७००, एच६१० बोर्ड, १६ जीबी रॅम. मुलगा म्हणतो बोर्ड हलका आहे. दुकानदार म्हणतो, "काका, स्पीड प्रोसेसरचा असतो, बोर्ड कुठलाही चालतो." कोणाचं ऐकू?

मुलाचं.

आय७-१४७०० हा कागदावर ६५ वॅटचा प्रोसेसर आहे, आणि दुकानदार तोच आकडा सांगतात. पण इंटेलच्याच तक्त्यात खाली दुसरा आकडा असतो : जोर लावला की २१९ वॅट. एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून) बोर्डाला १२ व्होल्ट येतात, प्रोसेसरला लागतात साधारण सव्वा व्होल्ट. हे उतरवून देणारा बोर्डावरचा भाग म्हणजे व्हीआरएम. आता २१९ला सव्वाने भागून बघा. पावणेदोनशे अँपिअरच्या आसपास आकडा येतो. तुमच्या फ्लॅटचा मेन एमसीबी बहुधा ३२ किंवा ४० अँपिअरचा असेल. म्हणजे अख्ख्या घराला मिळून जेवढी परवानगी आहे त्याच्या चौपट करंट त्या बोटभर पट्ट्यातून जाणार आहे.

दुकानात गेलात की बोर्ड खोक्यातून बाहेर काढायला सांगा. प्रोसेसर जिथे बसतो त्या सॉकेटच्या डावीकडे आणि वरच्या अंगाला राखाडी चौकोनी ठोकळे रांगेत बसलेले दिसतील, ते चोक. त्यांच्या शेजारी चपटे काळे मॉस्फेट. हे दोन्ही मिळून व्हीआरएम. स्वस्त एच६१० बोर्डावर हे ठोकळे मोजके असतात आणि मॉस्फेट उघडेच असतात, वर हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) नाही. अशा बोर्डावर मोठा प्रोसेसर बसतो, चालूही होतो, दुकानदार चालू करून दाखवतोही. मग घरी मुलगा व्हिडिओ रेंडरला लावतो, दहा मिनिटांत मॉस्फेट तापतात आणि बोर्ड स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग खाली आणतो. पैसे आय७चे दिले, काम आय५चं मिळालं. शिवाय उष्णतेने शेजारचे कपॅसिटर (वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारे भाग) म्हातारे होतात. जुन्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ढोबळ हिशेब असा होता की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. हल्लीचे सॉलिड कपॅसिटर त्याहून टिकाऊ आहेत, पण उष्णता त्यांनाही मानवत नाही.

तेव्हा दोन रस्ते. आय७च हवा असेल तर बी७६० चिपसेटचा (एच६१०, बी७६० ही बोर्डावरच्या मुख्य चिपची नावं), व्हीआरएमवर दोन्ही बाजूंनी हीटसिंक असलेला आणि सीपीयूच्या पॉवरसाठी पूर्ण ८ पिनांचा कनेक्टर असलेला बोर्ड घ्या. नाहीतर प्रोसेसर आय५-१२४०० घ्या. त्याची कमाल ११७ वॅट आहे, बऱ्यापैकी एच६१० त्याला पुरतो. मी असतो तर दुसरा रस्ता धरला असता आणि वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घातले असते. मुलालाही तेच आवडेल, विचारून बघा. एच६१० घेताना एवढं लक्षात ठेवा की त्यावर रॅमचे स्लॉट दोनच असतात. ८ आणि ८ टाकून दोन्ही भरलेत तर पुढे वाढवायला जागा नाही, काढूनच टाकावी लागेल.

आणि आय७-१४७०० घेतलाच तर पहिल्या दिवशी बायोस (बोर्डातच भरलेला, कॉम्प्युटर सुरू करणारा प्रोग्राम) अपडेट करून घ्या. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या मोठ्या प्रोसेसरांमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येत होती. त्यावर उतारा म्हणून मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे सुधारित संच) २०२४च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आले आणि ते बोर्डाच्या बायोसमधून मिळतात. दुकानात महिनोन्महिने पडून राहिलेल्या बोर्डात जुनाच बायोस असू शकतो. एकदा प्रोसेसर बिघडला की अपडेटने तो बरा होत नाही. इंटेलने अशा मॉडेलांच्या बॉक्स पॅक प्रोसेसरांची वॉरंटी २ वर्षांनी वाढवली आहे, म्हणून सुटा, ट्रेमधला प्रोसेसर घेऊ नका.

प्रश्न : ऑनलाइन एक्स९९ बोर्ड, १२ कोअरचा झिऑन प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम असा कॉम्बो फारच स्वस्तात मिळतोय. "ब्रँड न्यू" लिहिलंय. घेऊ का? – नौपाडा, ठाणे

नको. एक्स९९ हा २०१४चा चिपसेट आहे. आज "नवा" म्हणून येणाऱ्या या बोर्डांची मूळ पाटी (पीसीबी) नवी असते, त्यावरचा माल भंगारातल्या सर्व्हर आणि ऑफिस पीसींतून उतरवलेला असतो. नाव एक्स९९ असलं तरी चिपसेट पुष्कळदा एच८१ किंवा बी८५सारखा निघतो. बायोस अपडेट कोण देणार याचा पत्ता नसतो, सर्व्हिस सेंटर नसतं, आणि विंडोज ११च्या अधिकृत यादीत ते झिऑन नाहीत. ज्याला उघडझाप करायची हौस आहे, त्याने खेळणं म्हणून खुशाल घ्यावा. घरात एकच कॉम्प्युटर असणार असेल तर अजिबात नाही.

प्रश्न : ऐरोलीला खाडीच्या बाजूच्या इमारतीत राहते. दर पावसाळ्यात कॉम्प्युटर बंद पडतो. पंखे फिरतात, स्क्रीनवर काही येत नाही. मागच्या वर्षी दुकानदाराने "बोर्ड गेला" म्हणून बदलला. या जुलैत नवाही तसाच बंद. दमट हवेत टिकणारा "मिलिटरी ग्रेड" बोर्ड घेऊ का?

ताई, आधी खोडरबर घ्या.

पंखे फिरतात आणि डिस्प्ले नाही, तेही पावसाळ्यात, म्हणजे माझा पहिला संशय रॅमवर. रॅमच्या खालच्या कडेला सोनेरी पट्ट्या असतात. आपल्याकडच्या हवेत त्यांच्यावर मळकट थर धरतो, स्लॉटशी संपर्क तुटतो आणि बोर्ड चालूच होत नाही. प्लग काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलासुरला करंट जाऊ द्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मग रॅमच्या दोन्ही टोकांच्या कड्या उघडा. पट्टी उजेडात तिरकी धरून बघा : चकचकीत सोनेरीऐवजी तपकिरी झाक किंवा बारीक काळी रेघ दिसली, की चोर सापडला. मऊ पांढऱ्या खोडरबराने एकाच दिशेने हलकेच घासा आणि चुरा कोरड्या सुती कापडाने नीट पुसा, तो स्लॉटमध्ये जाता कामा नये. परत बसवताना कडी 'टक' वाजेपर्यंत दाबा. काही बोर्डांवर एकाच टोकाला कडी असते, तिथे दुसरं टोक पूर्ण आत गेलंय का ते डोळ्यांनी बघा. निम्मी दुरुस्ती इथेच संपते.

तरीही नाही झालं तर बोर्डावरचे चार बारीक दिवे बघा, सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (डिस्कवरून सुरू होणं) असं त्यांच्याशेजारी छापलेलं असतं. जो अडून राहतो तिथे दुखणं. सगळ्याच बोर्डांवर हे दिवे नसतात. नवा घेताना मात्र ते आहेत का हे जरूर विचारा. शोभेच्या रंगीबेरंगी आरजीबी दिव्यांपेक्षा हे चार दिवे फार कामाचे.

खाडीचा मुद्दा खरा आहे. ओहोटीला चिखलाचा आणि नाल्याचा जो वास येतो, त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो. तो ओलाव्याबरोबर मिळून तांबं आणि चांदी काळी पाडतो, आणि बोर्डावरचे मार्ग तांब्याचेच असतात. "मिलिटरी ग्रेड" हा शिक्का बहुतेक वेळा काही सुट्या भागांच्या चाचणीपुरता असतो. गंज चढलेला बोर्ड सर्व्हिस सेंटर वॉरंटीत घेत नाही, मग शिक्का कुठलाही असो. त्यापेक्षा कॅबिनेट फरशीवरून उचलून स्टुलावर ठेवा, ओल येणाऱ्या भिंतीपासून हातभर पुढे ओढा आणि पावसाळ्यात रोज तासभर तरी चालू ठेवा. आतल्या ऊबेने ओलावा धरत नाही. सिलिका जेलच्या पुड्या कॅबिनेटमध्ये टाकायचा सल्ला खूप जण देतात. पंखा बाहेरची हवा सतत आत ओढत असताना त्या पुड्या किती पुरणार?

मागच्या वर्षी बदललेला जुना बोर्ड दुकानदाराने परत दिला होता का? दिला असेल तर नव्या रॅमवर एकदा लावून बघाच.

प्रश्न : वागळे इस्टेटजवळ जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. दोन वर्षांत दोन मदरबोर्ड गेले. कंपनी बदलून बघू का?

कंपनी बदलून काही होणार नाही, इलेक्ट्रिशियन बोलवा. तुमच्या घरात अर्थिंग नाही, किंवा आहे पण तुटलंय.

एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट (इलेक्ट्रिकल नॉइज) गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेज आणि पत्र्याच्या मध्ये, एक न्यूट्रल आणि पत्र्याच्या मध्ये. अर्थ जोडलेला असेल तर त्यातून गळणारा किंचित करंट जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेटचा पत्रा २३०च्या निम्म्या, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास लटकत राहतो. करंट अगदी थोडा, म्हणून झटका न बसता मुंग्या येतात. अशा पत्र्यावर बसलेल्या बोर्डाला तुम्ही मॉनिटरची, प्रिंटरची किंवा केबलवाल्याच्या इंटरनेटची वायर चालू स्थितीत जोडता, तेव्हा तो फरक पोर्टमधून बोर्डात उतरतो. यूएसबी किंवा लॅन पोर्ट आधी मेले होते का, आठवून बघा.

इलेक्ट्रिशियनला तीन पिनांच्या सॉकेटवर फेज-अर्थ मोजायला सांगा, फेज-न्यूट्रलच्या जवळपास आकडा यायला हवा. मीटरच्या पुढचं घरातलं वायरिंग महावितरणच्या नव्हे, आपल्याच जबाबदारीत येतं. सोसायटीचा अर्थ पिट (अर्थिंगसाठी जमिनीत केलेला खड्डा) सुकला असेल तर तो विषय कमिटीत न्या. कोणी सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ वायरच्या तुकड्याने जोडून "झालं काम" म्हणाला, तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. न्यूट्रल कुठे तुटली तर फ्रिजपासून कॅबिनेटपर्यंत सगळ्या पत्र्यांवर पूर्ण २३० व्होल्ट येतील. नळाच्या पाइपला अर्थ बांधणं हाही तसलाच जीवघेणा उद्योग. आणि एक्स्टेन्शन बोर्डाची वायर दोन पिनांची असेल तर आजच फेकून द्या, तिच्यामुळे चांगलं अर्थिंगही वाया जातं.

हे झाल्यावरच तिसरा बोर्ड घ्या. सोबत एसएमपीएसही चांगल्या कंपनीचा घ्या, कॅबिनेटबरोबर फुकट आलेला नको.

प्रश्न : खारघरला कॉलेजात शिकते. पुढे चार-पाच वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा असेल तर एएमडी बरं की इंटेल? माझ्याकडे डीडीआर४ची १६ जीबी रॅम आहे.

नुसता याच मुद्द्यावर निर्णय असेल तर एएमडी. एएम४ सॉकेट २०१६ साली आलं आणि त्या काळातल्या पुष्कळ बोर्डांवर पुढे रायझन ५००० मालिकाही चालली. २०२२ला एएम५ आलं, ते निदान २०२७पर्यंत चालवू असं एएमडीने सांगितलंय. इंटेलचं एलजीए १७०० सॉकेट १४व्या पिढीशी थांबलं. इंटेलच्या बाबतीत सॉकेटच्या नावावरही विसंबू नकोस : एलजीए ११५१ हे नाव ६व्या-७व्या पिढीलाही होतं आणि ८व्या-९व्यालाही, पण एकाचा बोर्ड दुसऱ्याला चालत नाही.

अडचण रॅमची. एएम५वर फक्त डीडीआर५ चालते, तुझी डीडीआर४ त्या स्लॉटमध्ये बसतच नाही, खाच वेगळ्या जागी आहे. रॅमचे भाव २०२५च्या अखेरीपासून जे चढलेत, ते पाहता हातातली १६ जीबी टाकून देणं मला पटत नाही. बी५५० बोर्ड आणि रायझन ५००० घे, आणि चार वर्षांनी सगळंच नवं घे. "पुढे प्रोसेसर बदलेन" म्हणणाऱ्यांतले फार थोडे खरोखर बदलतात. बोर्डाच्या मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर उत्तम, पेन ड्राइव्ह लावून, प्रोसेसर न बसवताही बायोस बदलता येतो.

प्रश्न : निवृत्त शिक्षक आहे, ठाणे पूर्व. आय५ चौथ्या पिढीचा कॉम्प्युटर उत्तम चालतो. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला म्हणून मदरबोर्ड बदला म्हणतात.

सर, नुसता बोर्ड बदलून भागणार नाही. विंडोज ११ला इंटेलची ८वी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) लागतं. म्हणजे बोर्डाबरोबर प्रोसेसर आला, तुमची डीडीआर३ रॅम गेली, आणि मशीनबरोबर आलेलं विंडोजचं लायसन्स जुन्या बोर्डाला बांधलेलं असल्याने तेही गेलं. उरतो कॅबिनेट आणि डिस्क. बँकेचे व्यवहार करत असाल तर एवढा खर्च करा. नुसतं लेखन, मेल आणि यूट्यूब असेल तर एसएसडी टाकून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली बसवून घ्या, मराठी टायपिंग त्यात व्यवस्थित होतं.

प्रश्न : सगळ्यात भरवशाची कंपनी कुठली? लॅमिंग्टन रोडला जाऊ की नेरुळमध्येच घेऊ?

आसुस, गिगाबाइट, एमएसआय, ॲसरॉक, चौघांचेही उत्तम बोर्ड आहेत आणि चौघांचेही टाकाऊ आहेत. मॉडेल बघा, नाव नंतर. बोर्डाला बहुतेक ठिकाणी ३ वर्षांची वॉरंटी असते.

लॅमिंग्टन रोडला, म्हणजे मुंबईत ग्रँट रोडजवळच्या कॉम्प्युटर बाजारात, मॉडेल जास्त आणि भाव कमी, हे खरं. पण एका बोर्डासाठी नेरुळहून ग्रँट रोड, आणि काही निघालं तर पुन्हा तीच वारी. भावात फार फरक नसेल तर जवळच घ्या. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या, आणि तो खोक्यावरच्या आणि बोर्डावरच्या स्टिकरशी जुळवून बघा.

इंटेल असो की एएम५, पिना आता बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, एलजीए १७००त तब्बल १,७००. एक वाकली तरी "फिजिकल डॅमेज" म्हणून वॉरंटी नाकारतात. म्हणून काउंटरवरच सॉकेटचं काळं प्लॅस्टिक झाकण उघडायला लावा आणि मोबाइलचा टॉर्च बाजूने मारा. सगळ्या रांगा एकसारख्या चमकल्या पाहिजेत, वाकलेली पिन वेगळी चमकते. एक फोटो काढून ठेवा. ते काळं झाकण फेकू नका. पुढे बोर्ड वॉरंटीला द्यायची वेळ आली तर तेच लावून द्यावं लागतं.