किलिमांजारोला निघताय? दिवस वाढवून घ्या

पहिल्यांदाच जाताय, तर पाच दिवसांत चढवून-उतरवून आणणारं पॅकेज स्वस्त दिसलं तरी घेऊ नका. किलिमांजारो ५८९५ मीटर उंच आहे. तिथे पायांआधी डोकं दुखायला लागतं. मी लेमोशो वाटेने आठ दिवस घेतले, तुम्हालाही तेच सुचवेन. त्या वाटेवर एका दिवशी लाव्हा टॉवर नावाच्या सुळक्यापर्यंत, साधारण ४६०० मीटरवर नेतात आणि झोपायला ३९०० च्या आसपास बरांको कॅम्पला उतरवतात. चढलेलं पुन्हा उतरायचं म्हणजे जिवावर येतं, पण विरळ हवेची सवय त्यानेच होते.

गाइड सक्तीचाच आहे. तो सारखं ‘पोले पोले’ म्हणेल, म्हणजे हळूहळू. ऐका त्याचं. बोलताना दम लागू नये, इतकाच वेग ठेवा. डोकं ठणकतंय, अन्नावरची वासना उडालीय, उलटी झाली, तर लगेच सांगा, लपवू नका. तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर शिखर समोर दिसत असलं तरी खाली उतरायचं.

शेवटची चढाई मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होते. पाण्याच्या पिशवीची नळी हमखास गोठते. त्यापेक्षा बाटली लोकरी मोज्यात घालून उलटी ठेवा. बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो, तोंड मोकळं राहतं. हेडटॉर्चचे जादा सेल आतल्या खिशात, अंगाच्या उबेला.

आणि पोर्टर, म्हणजे तुमचं सामान वाहणारी माणसं! पैसे भरण्याआधी विचारा: त्यांना मजुरी किती, जेवण किती वेळा, झोपायला धड तंबू आहे का? उत्तर टाळलं, तर दुसरी कंपनी बघा.