लोकलच्या मैत्रिणी आणि समुद्राकाठचं घर

प्रश्न : ताई, आम्ही सहा जणी. डोंबिवलीहून सकाळची एकच लोकल बावीस वर्षं पकडली. आता चौघी निवृत्त झालो, दोघी होतील. माझ्या दिरांचं कोकणात हेदवीजवळ अगदी समुद्रालगत घर आहे. गणपती सोडले तर वर्षभर बंदच असतं. २८ डिसेंबर ते १ जानेवारी तिथे राहायचं म्हणतोय. शेजार दहा मिनिटांवर, मोबाइलला रेंज जेमतेम. घरचे म्हणतात, बायका-बायका इतक्या आडबाजूला कशाला? आमच्यातली एक तर आत्तापासूनच कां-कू करते आहे. जावं का?
— सहा जणींतली एक

उत्तर : जा की! फक्त तारखा बदला. त्या आठवड्यात कोकणात किनारा दिसत नाही, गाड्या दिसतात, आणि समुद्राची गाज स्पीकरखाली दबते. संक्रांत घरी करा नि मग निघा. (हळदीकुंकू राहिलं तर रथसप्तमीपर्यंत मुदत असते.) रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा आत्ताच बसा. उतरायचं चिपळूणला. तिथून गुहागर साधारण ४५ किलोमीटर, हेदवी त्याच्याही पुढे. एसटी आहे, पण सहा जणी आणि सहा जणींच्या पिशव्या म्हटल्यावर गाडीच ठरवा. स्वेटर नकोत, शाल पुरते. रात्री जमिनीकडून मतलई वारा सुटतो आणि मोहोराचा वास अंथरुणापर्यंत येतो. दुपारी मात्र पंखा लागेल.

बंद घरात चोरापेक्षा कुबट गाद्यांचा त्रास जास्त. दिरांना सांगून दोन दिवस आधी कुणाकडून तरी दारं-खिडक्या उघडून घ्या, गाद्या खळ्यात उन्हात टाकायला सांगा, विहिरीचा पंप चालतोय का ते बघायला सांगा. लाईट गेली की पंपही गेला, म्हणून रोज झोपण्याआधी पिंप भरलेलं हवं. अंथरूण झटकल्याशिवाय आडवं व्हायचं नाही, चपला उलट्या करून आपटल्याशिवाय घालायच्या नाहीत. विंचू काही पाहुणे ओळखत नाही. रोख पैसे जवळ ठेवा, रेंजच नसेल तर फोनवरून पैसे कसे देणार?

समुद्राचं वेळापत्रक कालनिर्णयावरच मिळतं. तिथीची पाऊणपट करा. पंचमी असेल तर पावणेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा, पण लोकलसारखं रद्द होत नाही. ओहोटी लागली की पाण्यात उतरायचं नाही. एरवीही घोट्यापर्यंत पुरे. भरतीच्या वेळी हेदवीच्या उमा-महेश्वराच्या देवळाजवळची बामणघळ मात्र बघाच. काळ्या खडकातली अरुंद चीर. पाणी आधी सर्रकन मागे ओढलं जातं, क्षणभर तळ दिसतो, मग तळपायाला दणका जाणवतो आणि त्यानंतर फवारा उडतो. ओल्या खडकावर पाऊल नको, लांबूनच बघा.

आता तुम्ही न विचारलेला प्रश्न. बावीस वर्षं तुम्ही एकमेकींना रोज तासभर भेटलात, तेही भाजी निवडत आणि उतरायचं स्टेशन ठरलेलं असताना. इथे उतरायला स्टेशन नाही.

आम्ही चौघी २०११ साली वेंगुर्ल्याकडे अशाच एका घरात राहिलो होतो. डिसेंबर, म्हणजे मार्गशीर्ष. बुधवारी संध्याकाळी दारावर फडफडीत बांगडे आले. मी हाताला लागला त्या तव्यावर तळले. तो तवा एकीने गुरुवारच्या नैवेद्याच्या पुरणपोळ्यांसाठी घासूनपुसून बाजूला ठेवला होता. ती एक शब्द बोलली नाही. सकाळी विहिरीवर बसून तवा राखेने तीनदा घासला, उन्हात ठेवला, आणि शेवटी नैवेद्याला शेवयांची खीर केली. पुढचा दीड दिवस माझ्याशी 'मीठ दे' आणि 'दार लाव' एवढंच. शुक्रवारी दुपारी मी बाजारात चालत जाऊन नवा बिडाचा तवा आणला. तिने उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाली, "महाग लावला." तेव्हा कुठे माझ्या घशाखाली घास उतरला.

म्हणून शिवराक, म्हणजे शाकाहारी स्वयंपाकाची भांडी वेगळी, हे निघण्याआधी ठरवा. पहाटे साडेचारला उठणारीने मिक्सर लावायचा नाही, हेही. पैशासाठी भिशीचाच डबा करा. प्रत्येकीने सारखी रक्कम टाकायची, खर्च त्यातूनच, हिशेब एकीकडे. जी भिशीचा हिशेब ठेवत आली तिच्याकडे मात्र नको, तिलाही सुट्टी हवी ना! आणि दुपारी दोन ते चार कुणी कुणाशी बोललंच पाहिजे असं नाही. एकीला नारळी-पोफळीच्या आगरात एकटीनं फिरू दे, एकीला घोरू दे.

घरच्यांना शेजारच्या घराचा नंबर देऊन ठेवा, रोज संध्याकाळी एक फोन करा. त्यांची कुरकूर तेवढ्यावर थांबेल.

राहिली ती कां-कू करणारी. तिला कारण विचारत बसू नका. मला वाटतं, ती डब्यात कायम चौथ्या सीटवर बसणारी असणार, अर्धी बाहेर, पर्स मांडीवर. तिचं तिकीट काढून टाका आणि समुद्राकडच्या खिडकीखालची खाट तिची, हे आत्ताच सांगा.